पुसायच्या आधी

सरुबाईंचा धम्मपाल आमच्या शेजारचा. कसबा बावड्यातली आमची कॉलनी नवी झाली तेव्हापासून त्यांची आणि आमची भिंत एकच. सरुबाईंनी उसात तण काढायला, भांगलणीला जाऊन पोराला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करवला. २००४ साली तो शहरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागला. ऑफिस पाच जणांचं, मालक पुण्यात.

वर्षभरानं हा पठ्ठ्या दर शनिवारी चौघांना घेऊन आमच्या हॉलमध्ये येऊ लागला. लोडशेडिंगचे दिवस, आणि इन्व्हर्टर आमच्याकडे. "काकी, दोन तास सराव करतो," एवढंच सांगितलं.

सराव असा: लॅपटॉप एकच. एकानं त्यावर प्रोग्राम लिहायचा, शेजारच्यानं सांगायचं, बाकीच्यांनी गप्प बघायचं. दर सात मिनिटांनी माझं गजराचं घड्याळ वाजलं की उठून दुसऱ्याला जागा द्यायची.

पहिल्या शनिवारी मी पोहे घेऊन बाहेर आले आणि दारातच थिजले. दोन तास राबून लिहिलेलं सगळं धम्मपालनं दोन बोटांनी पुसून टाकलं!

"आरं, चाललं होतं की ते!"

"चालू दे की काकी. पुढच्या शनिवारी परत पहिल्यापासनं. हातात बसाय पायजे, मशीनमध्ये न्हाय."

मला ते पटायला महिने लागले. त्या चौघांतली नुजहत सुरुवातीला लिहायला बसायची तेव्हा तिचे कान लाल व्हायचे. गडमुडशिंगीचा कृष्णात मागनं म्हणायचा, "बोला पावणं, बस चुकली काय?" दिवाळीपर्यंत ती बसली की कृष्णातच पुढं सरकून बघायला लागला.

२००६ च्या डिसेंबरात मालकाचा फोन आला. एका दूध संस्थेला नवीन प्रोग्राम द्यायचा होता. दूध मोजलं की लगेच पावती निघायला हवी. सोमवारी चालला नाही तर कोल्हापूरचं ऑफिस बंद, सगळ्यांनी पुण्याला यायचं. सरुबाईंना एकटीला टाकून धम्मपाल कुठं जाणार? आणि नुजहतच्या घरी पुण्याचं नाव काढायची सोय नव्हती.

त्या सोमवारच्या आदल्या शनिवारी सराव नव्हता, खरं काम होतं. तरी बसले नेहमीसारखेच, माझ्या घड्याळावर. संध्याकाळी पाचला पावती बरोबर निघाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. धम्मपाल हसत उठला, वाकला आणि दर शनिवारी करायचा तेच केलं.

पुसलं.

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. माझ्या हातातला चहाचा ट्रे कलला, एक कप फरशीवर फुटला. कुणी मान वळवूनही बघितलं नाही.

"टोपलीत बघ की, रिसायकल बिनमध्ये!" कृष्णात ओरडला.

"टोपलीत जात न्हाय," धम्मपाल म्हणाला. "कायमचंच पुसतो मी. सवय…"

आठवडाभराचं काम त्या एकाच लॅपटॉपवर होतं; ऑफिसात होती ती आठ दिवसांपूर्वीची अर्धवट प्रत. धम्मपाल खुर्चीत बसला आणि स्वतःच्या बोटांकडं बघत राहिला, जणू ती दुसऱ्या कुणाची असावीत. पोरगं इतकं पांढरं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. सरुबाईंना हाक मारावी असं वाटलं, पण मी फुटलेला कप गोळा करायला वाकले.

"उद्या सकाळी आठला," नुजहत म्हणाली. "काकी, घड्याळाला किल्ली देऊन ठेवा."

"आता घड्याळ काय करायचंय?" धम्मपाल म्हणाला.

"दर शनिवारी परत पहिल्यापासनं लिहायला लावतोस न्हवं? मग लिही की."

रविवारी पहिली तीच बसली. कान लाल नव्हते. सात मिनिटं, उठ. सात मिनिटं, उठ. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. पुढचा बसला की मागच्यानं सोडलेल्या ठिकाणाहून हात चालायचे. साडेतीनला पावती निघाली. मी दुसऱ्यांदा हबकले. आठवडाभराचं काम, एवढ्यात?

"कालच्यापेक्षा निम्म्या ओळींत बसलंय, काकी," धम्मपाल म्हणाला, आणि त्यानं तोंड फिरवून डोळे पुसले. त्याच्या शेजारी बसून कृष्णातनं चार सीडी काढल्या. एक माझ्या डाळीच्या डब्यात ठेवली.

सोमवारी संस्थेत पावत्या निघाल्या. धम्मपालनं मालकाला शनिवारचं खरं सांगितलं. ऑफिस मात्र राहिलं.

पुढच्या शनिवारी पोरं आली, सराव झाला. पुसायची वेळ आली आणि धम्मपालचा हात हवेतच थांबला. तेव्हा नुजहतनं नियम केला. आता तो फाइलचं नाव मोठ्यानं वाचतो, आणि मी स्वयंपाकघरातनं येऊन, स्वतः बघून, "व्हय, पूस" म्हणेपर्यंत बटणाला हात लावत नाही.