वेलींना आग्रह

आमच्या घरात जेवायला बसलेला माणूस पोट भरलं म्हणून उठत नाही, धाकटीची पाठ वळली की उठतो. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. घरातली मुलं तिला 'वाढपीण' म्हणतात. माघारी म्हणतात तशी तोंडावरही म्हणतात, कारण तिला त्याचा राग येत नाही.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी या घरात चांगली रुळले होते. मी सिस्टरांच्या शाळेत वाढलेली. तिथे 'नको' म्हटलं की विषय संपायचा. पहिल्याच दिवशी मी ताटावर हात आडवा धरला, तर हिने माझ्या बोटांच्या फटीतून भात वाढला.

"अगं, नको म्हटलं ना मी!"

"तुमचं नको फार हळू होतं, ताई."

ती मोठ्या कुटुंबातली, भावंडांत शेवटची. पातेलं तिच्यापर्यंत पोचेपर्यंत पळी तळाला लागलेली असायची. पळी खरवडल्याचा आवाज आजही कानावर पडला की ती हातातलं काम टाकून उठते. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही भांडी पुसता पुसता, दुसऱ्याच कुणाची हकीकत सांगावी तसं.

घरामागे द्राक्षबाग आहे. ती माझ्या दिरांनी, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याने लावली. पहिली ओळ स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून आहे. ती लावताना खड्ड्यात रोपं धरायला धाकटीच होती. दीर गेल्यावर बागेचा कारभार तिच्या मुलाकडे आला, पण पहिल्या ओळीवर राज्य हिचंच राहिलं. येता-जाता वेलींची चौकशी चालायची. "काय गं, आज मरगळलीस का?" आणि उत्तर आल्यासारखी मानही डोलवायची.

मागचे काही हंगाम मात्र बाग बिघडली होती. एकाच घडात काही मणी टपोरे, आणि त्यांना चिकटून काही मिरीएवढे, कडक हिरवे, न वाढलेले. व्यापारी घड हातात घ्यायचा, फिरवून बघायचा आणि परत खाली ठेवायचा. शेवटी पुतण्या जेवताना म्हणाला, "आई, यंदा घड सारखे भरले नाहीत तर बाग काढायची. मशीनवाल्याशी बोललोय मी."

धाकटीच्या हातातली पळी हवेतच राहिली. "पहिली ओळसुद्धा?"

"बाग म्हणजे सगळी बाग."

त्या दिवशी त्याला कुणी दुसऱ्यांदा वाढलं नाही.

मग पुतण्याने बोलावलेल्या शेतीच्या सल्लागार बाई आल्या. वयाने पुतण्याएवढ्या, गुडघ्यापर्यंतचे बूट घातलेल्या. त्यांनी पानांचे देठ तपासायला नेले आणि निकाल घेऊन परत आल्या. जस्त कमी, बोरॉनही कमी.

"खत तुम्ही भरपूर घालताय," त्या म्हणाल्या, "पण ही दोन द्रव्यं मुळांवाटे पुरेशी वर येत नाहीयेत. ती नसली की फळ नीट धरत नाही, मग मणी लहान-मोठे होतात. म्हणून फुलोऱ्याआधी ती पानांवर फवारायची. पानं शोषून घेतात."

"किती?" धाकटीचा पहिला प्रश्न.

त्यांनी प्रमाण सांगितलं. फवारणीच्या, पाठीवर घ्यायच्या हातपंपाच्या टाकीला जेमतेम चमचाभर. धाकटीने माझ्याकडे बघितलं, आपण चुकीचं तर ऐकलं नाही ना, अशा नजरेने.

"काकू, स्वयंपाकात मीठ किती घालता? बोरॉनचं तसंच आहे. कमी पडलं तर फळ बिघडतं, जास्त झालं तर पानं भाजतात."

"मीठ मी बेताचंच घालते," धाकटी म्हणाली. ते खरं होतं. पण मीठ तिने कधी कुणाला आग्रहाने वाढलं नव्हतं.

फुलोरा तोंडावर आल्यावर एका सकाळी, ऊन चढायच्या आत, पुतण्याने ट्रॅक्टरला पंप जोडून फवारणी केली. आम्ही दोघी खिडकीत उभ्या होतो. ओळींवरून पातळ धुकं सरकल्यासारखं झालं, पानं ओलसर चमकली आणि ट्रॅक्टर पुढे गेला.

"झालं?" धाकटीने विचारलं.

"झालं की."

"हे तर नुसतं तोंड पुसल्यासारखं केलं!"

मी हसले आणि चहा ठेवायला वळले.

पुढच्याच आठवड्यात पहिल्या ओळीची पानं करपली. कडा तपकिरी झाल्या, कोवळी पानं वाटीसारखी खाली वळली, फुलांचे तुरे सुकून गळायला लागले. बाकीची बाग हिरवीगार होती, पण पुतण्याचा धीर सुटला.

"रोग आहे हा. इथून सुरू झालाय, बागभर पसरणार. हंगामाची वाट बघण्यात काही अर्थ नाही. उद्याच बोलावतो मशीन." त्याने खिशातून फोन काढला.

पानं बघायला पुन्हा आलेल्या सल्लागार बाई एक पान उलटंपालटं करून बघत होत्या. "थांबा जरा. रोग असा एकच ओळ धरून पहिल्या वेलीपासून शेवटच्या वेलीपर्यंत सारखा येत नाही. या ओळीवर वेगळं काही मारलंत का?"

"नाही हो. सगळ्यांना एकच टाकी."

धाकटी माझ्या शेजारी उभी राहून हात पुसायचं फडकं पिळत होती. फडकं कोरडंच होतं.

"मी मारलं," ती म्हणाली. एरवी तिचा आवाज रस्त्यापर्यंत जातो, पण हे मलाच कसंबसं ऐकू आलं. तिला पुन्हा म्हणावं लागलं. "मी मारलं. फवारणीच्या उरलेल्या पुड्या होत्या ना, त्यातलं. तुझ्या बाबांच्या हातपंपाने."

"किती टाकलंस?"

"वाटीभर."

"वाटीभर! आई, चमचा सांगितला होता, चमचा!"

"तू सगळ्यांना वाढून गेलास. माझ्या मात्र उपाशी दिसत होत्या."

पुतण्या बांधावर बसला. "मग इतके दिवस तोंड का नाही उघडलंस?"

"आता तू बाग काढायला निघालास म्हणून उघडलं. नाहीतर मेले असते तरी सांगितलं नसतं."

तो चिडला होता, कान लाल झाले होते. पण फोन त्याने खिशात ठेवला.

"यांना आता काय देऊ?" धाकटीने सल्लागार बाईंना विचारलं.

"पाणी."

"आणि?"

"आणि काही नाही, काकू."

"नुसतं पाणी? इतक्या आजारी असताना?"

"हो, नुसतं पाणी. खाऊनच तर आजारी पडल्यात."

ते दिवस तिला फार जड गेले. दुपारी ती पहिल्या ओळीत जाऊन बसायची, रिकामे हात मांडीवर ठेवून. एकदा हातपंप खुंटीवरून काढलेला मी पाहिला. तिने तो पुसला आणि परत अडकवला.

तोडणीच्या दिवशी पुतण्याने मधल्या ओळीतला एक घड आणून तिच्यापुढे ठेवला. तिने तो उचलून उजेडात धरला, बोटांनी मणी बाजूला सारून आतपर्यंत बघितलं. मिरीएवढा एकही नव्हता.

"आणि माझी ओळ?"

"त्यात काय असणार? चार-दोन घड आहेत, खा तूच." तो पाणी प्यायला. "मशीनवाल्याला नको म्हणून कळवलंय."

"पहिल्या ओळीसाठीसुद्धा?"

"बाग म्हणजे सगळी बाग."

तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "जेवायला बस."

आता फवारणीच्या दिवशी धाकटी टाकीजवळ उभी असते. चमचा भरून वर सुरीची पाठ फिरवते, वरचे चार कण पुडीत परत टाकते. पहिली ओळ पुन्हा पालवली आहे. वेलींच्या बाबतीत ती सुधारली, हे मी मान्य करते. काल रात्री मात्र मी ताटावर दोन्ही हात आडवे धरले होते, तरी भात आलाच.