दोन पेडल, एक पाय

दुपारची जेवणं झालीत. सर्जेराव ट्रॅक्टरच्या शेडच्या दारात बाजेवर अनवाणी पडलाय, डोळ्यांवर पंचा टाकून. झोप काही येत नाही म्हणता म्हणता डोळा जड व्हायला लागलाय. कानात वहिनीचं सकाळचं बोलणं तेवढं घोळतंय, "भावजी, नांगरटीचे दिवस आले. ट्रॅक्टर काढा, न्हाईतर मला तरी शिकवा." आणि त्याचं नेहमीचं उत्तर, "ब्रेक खराब हाय."

खरं म्हणजे ब्रेकला काही धाड भरलेली नाही. सर्जेरावानं तो सात वेळा उघडलाय, सात वेळा बसवलाय. पाच महिन्यांपूर्वी त्याचा थोरला भाऊ विष्णू नांगरट उरकून येताना पाटाच्या उतारावर याच ट्रॅक्टरखाली गेला. आदल्या संध्याकाळी ब्रेक कुणी आवळले होते? सर्जेरावानं. मग दादाला मारलं कुणी? हा प्रश्न त्यानं आजवर कुणापुढं काढलेला नाही. एकटाच गिळून बसलाय बिचारा.

शेडमधून लोखंडाचा आवाज येतो.

"पाना कुठं ठिवलास रं, सर्जा?"

दादा मागच्या चाकाशी उकिडवा बसलाय. मेलेल्या माणसानं पाना मागावा याचं सर्जेरावाला काहीच वाटत नाही. तो पाना देतो.

"सात येळा उघडलास म्हणं. गड्या, घराचं कवाड तरी इतक्यांदा उघडतं का?"

"मग काय करू? डावीकडं वढला ना त्यो!"

"बरं. दोन्ही पेडलांचा खेळ सारखा हाय?"

"बोटानं मोजलाय. सारखा हाय."

"मग लायनरवर तेल उतरलं आसंल."

"कुठलं? सुकं खडखडीत हाय."

"स्प्रिंगा?"

"ताठ हायत."

"मग मिस्त्री, बिघाड गेला कुठं?" दादा मिशीतल्या मिशीत हसतो.

ट्रॅक्टर आता स्वयंपाकघरात उभा आहे. मोठं चाक चुलीला टेकलंय, पलीकडं वहिनी भाकरी थापतायत आणि मान काही वर करत नाहीत. सर्जेराव आवाज खाली आणतो.

"दादा, डाव्या अंगाचा माझ्याकडनं जास्ती आवळला गेला. माझ्यामुळं गेलास तू."

एवढं बोलतो आणि लहान पोरासारखा हमसून रडतो. दादा त्याला पोटभर रडू देतो. मग हात पँटीला पुसून म्हणतो, "चल, बस वर."

सर्जेराव सीटवर बसतो तर पुढ्यात पाटाचा उतार. चूल नाही, वहिनी नाहीत. खाली पाणी चकाकतंय. दादा बाजूला मडगार्डवर बसलाय.

"शेतात वळताना आपुन काय करतो?"

"पट्टी काढून दोन्ही पेडल सुटी करतो. ज्या अंगाला वळायचं, तेवढंच दाबायचं. जागच्या जागी वळतं."

"आन् रस्त्याला लागताना?"

"पट्टी लावून जोडायची, म्हंजी दोन्ही चाकं संगट धरत्यात." सर्जेराव थबकतो. "पट्टी उघडीच घावली व्हती, दादा. पडताना निसटली, आसं म्हणली सगळी."

"निसटतीय कशाची! म्या लावलीच न्हवती. चुन्याची डबी घावंना, खिसं चाचपत तसाच उताराला लागलो. पाय पडला एकट्या डाव्या पेडलवर, ट्रॅक्टर जागीच फिरून उलटला. पंचवीस वरसं ट्रॅक्टर हाकला आन् मेलो चुन्याच्या डबीपायी! लाज वाटती रं सांगायला. म्हणून तर इतकं दिस आलो न्हाई."

सर्जेराव भडकतो. "आरं, पाच म्हैनं माझ्या घशाखाली घास उतरंना, आन् तू लाजत बसलास व्हय?"

"चुकलंच माझं. पर ब्रेक आसा धरला, सर्जा, आसा धरला! दोन्ही जोडलेलं आसतं तर मुंगीबी चिरडली नसती. लाव पट्टी. आता दाब, समद्या पायानं."

सर्जेराव वाकून पट्टी लावतो. उजवं पाऊल दोन्ही पेडलांवर आडवं टाकतो आणि जीव खाऊन दाबतो. ट्रॅक्टर उतारावर सरळ उभा राहतो. मडगार्डवर आता कुणी नाही. तरी तो पाय काढत नाही.

"भावजी, च्या."

सर्जेराव दचकून उठतो. वहिनी कप घेऊन उभ्या आहेत.

"आगं बया! पायाला काय झालं हे?"

तो उजवा पाय वळवून बघतो. तळव्यावर दोन चौकोन उठलेत, शेजारी शेजारी, लालबुंद, मध्ये बोटभर फट. पेडलांची रेघ न् रेघ उमटलीय. आज तर तो ट्रॅक्टरवर चढलेलासुद्धा नाही.

"ब्रेक चांगला हाय, वहिनी," तो म्हणतो. "पहिल्यापास्नं चांगलाच व्हता. पट्टी लावायची ऱ्हायली व्हती दादाची."

वहिनी कप खाली ठेवतात आणि उंबऱ्यावर टेकतात. वाकून तळव्यावरचे दोन चौकोन निरखतात.

"मला तवाच कळलं व्हतं," त्या हळूच म्हणतात. "रोज बांधावरनं म्या वरडायचे, पट्टी लावा म्हणून. त्या दिशी तेवढी म्हायेराला गेले व्हते."

पाच महिने एकाच घरात, एकाच चुलीवरची भाकरी खाऊन दोघं हे असं वेगवेगळं गिळत होते.

"वहिनी," तो म्हणतो, "तुमास्नी त्यानं बोल लावला न्हाई. त्याला सोताचीच लाज वाटत व्हती."

वहिनी पदर तोंडाला लावून रडायला लागतात. तो त्यांना रडू देतो. तळवा अजून हुळहुळतोय.