गायकेच्या पगारवाढीची फाइल

आमच्या गुप्तवार्ता ऑफिसातलं बाहेर काही बोलायचं नसतं. त्यामुळं किस्से आतल्या आत साचत जातात. मी तिथं फाइली सांभाळणारा कारकून. आता रिटायर झालोय, तर आमच्या गायकेचे चार सांगूनच टाकतो. कामाचं काही फोडणार नाय, भिऊ नका!

* * *

गायके मूळचा देवगाव रंगारीचा. इतका साधा, की गर्दीत उभा केला तर आम्हालाच सापडायचा नाय. एकदा त्याला चितेगावला कामगारांच्या सभेवर नजर ठेवायला पाठवला. गपचूप मागं बसून ऐकत होता. दुपारी साहेबांना त्याचा फोन आला, "साहेब, लई लोचा झाला. मला खजिनदार केलंय!"

* * *

गारखेड्यात तो राहायचा, तिथल्या शेजाऱ्यांना वाटायचं, हा बेकार आहे. कधी सकाळी अकराला घरी, कधी चार दिवस गायब. एका काकूंनी तर वॉचमनच्या जागेची जाहिरात आणून दिली. गायकेवहिनी भडकल्या, "अहो, निदान सरकारी नोकरी आहे एवढं तरी सांगू द्या!"

हा म्हणतो, "जाहिरात ठेव. पगार बरा दिसतोय."

* * *

हसू नका, पगाराचं खरंच वाईट होतं. तीस वर्षं एकाच पदावर! प्रमोशन नसलं तर दीर्घ सेवेची पगारवाढ मिळते, पण तिची फाइलच अडकलेली. मंजुरीआधी रिटायर झाला असता, तर पेन्शनही जुन्याच पगारावर बसली असती. अन् हातात उरला होता एक महिना.

फॉर्मात रकाना होता, 'केलेल्या कामाचा तपशील'. पठ्ठ्यानं लिहिलं, 'सांगता येत नाही'. फाइल परत!

मी ओरडलो, "अरे बाबा, काहीतरी लिही!"

दुसऱ्यांदा लिहिलं, 'वरिष्ठांना विचारावे'. ते वरिष्ठ कधीच बदलून गेलेले. फाइल पुन्हा परत. मला त्याचं लई वाईट वाटायचं.

* * *

शेवटी मंजुरी देणाऱ्या साहेबांनी त्याला समोर बोलावलं. फाइल घेऊन मी शेजारीच उभा. साहेबांनी सगळी पानं चाळली.

"गायके, तुम्हाला काम करताना पाहिलेला एक तरी माणूस आणा. आत्ता सही करतो."

गायकेचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला,

"साहेब, तीस वर्षांत एकानंबी पाह्यलं नाय. त्याचीच तर पगारवाढ मागतोय!"

साहेबांनी पेनचं टोपण काढलं.