कंपनी न सोडलेला गिटारवाला

आज मेटल म्युझिक ऐकणारी पोरं ज्याला डोक्यावर घेऊन नाचतात, तो गायक आणि मी एकाच बँडमध्ये होतो. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून हल्ली सांगत नाही. त्याचा निगडी प्राधिकरणात बंगला, आमच्या रहाटणीत दोन खोल्या. बंगल्याच्या गच्चीवर आम्ही चौघं सराव करायचो. गायचा तो, किंचाळायचा म्हणा हवं तर, आणि गिटार माझी. त्यांच्या ज्या गाण्यावर आज पोरं माना हलवतात, त्याची चाल मी बांधली. चाकणच्या कंपनीत पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमधला ठोका दिवसभर कानात घेऊन यायचो, मग बोटं दुसरं काय वाजवणार?

कंपनीत मी कंत्राटी. सात महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा नवं कार्ड. सलग ठेवलं तर कायम करावं लागेल ना! हा ब्रेक इतका नेमाने यायचा, की बँडचे कार्यक्रम मी त्यावरच बेतायचो. बेंगळुरूच्या मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलं, तेव्हा छाती ठोकून म्हणालो, "हो म्हणून टाका. त्या आठवड्यात मी मोकळाच आहे."

नेमका तेव्हाच ब्रेक आला नाही. सुपरवायझर म्हणाला, "भाऊ, तुझं नाव वर गेलंय. आता खाडा करू नको राव."

वडील जन्मभर पिंपरीत कामगार. जयंतीच्या गाणीपार्टीत सुरेख बुलबुलतरंग वाजवायचे. शिफ्टपायी तो सुटला. ते तरी समजून घेतील असं वाटलं होतं. म्हणाले, "आधी परमनंट हो. मग वाजव काय वाजवायचं ते."

मी गेलो नाही. माझ्या जागी दुसरा गेला, माझंच गाणं वाजवून आला, आणि तिथून त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. चार महिन्यांनी कंपनीने मला ब्रेक दिला. वर गेलेलं नाव कुठे अडकलं हे विचारायला गेलो, तर सुपरवायझरची बदली झाली होती. पुढे दुसऱ्या कंपनीत लागलो, तिथेही कंत्राटीच.

माझा बँडवर राग नाही, असं मी सांगत असतो. साफ खोटं. त्या गायकाच्या मुलाखती मोबाइलवर बघतो आणि जळफळतो. प्रेसचा ठोका, ऑइलचा वास, तिसऱ्या शिफ्टची झोप, सगळं रंगवून सांगतो पठ्ठ्या. जन्मात कंपनीचं गेट ओलांडलं नाही त्याने. गच्चीवर मी सांगितलेलं सांगतो, माझं नाव तेवढं गाळतो.

गेल्या थंडीत त्यांचा कार्यक्रम आमच्याकडे झाला. तिकीट काढून गेलो. आपल्या गावात तरी तो माझं नाव घेईल, एवढीच आशा होती. स्वतःशी कबूल करायलाही लाज वाटते, पण धुतलेला, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो, न जाणो वर बोलावलं तर!

माझ्या गाण्याआधी तो माइकजवळ आला. गर्दी गप्प झाली. मी शर्टाची कॉलर नीट केली.

"हे गाणं," तो म्हणाला, "कंपनी सोडायची ज्यांची हिंमत झाली नाही, त्यांच्यासाठी! आहे का कोणी इथे?"

मैदानभर हात वर गेले. त्यांत माझाही होता, आणि मी घसा फाटेपर्यंत ओरडत होतो.