बेसातल्या घरातला मेन स्विच

साताऱ्याहून निघताना बायकोने डब्यासोबत हुकूमही दिला, "मृणालला घेऊनच या." आमच्या मुलीने नागपुरात वायरमनचा कोर्स केला आणि तिथेच शोभाताईंच्या बायकांच्या टोळीत कामाला लागली. मी घरी बल्ब बदलतानासुद्धा रबरी चपला शोधणारा माणूस. गाडीत डोळ्याला डोळा लागला नाही.

नागपूरला उतरून रिक्षाने बेसा गाठलं. नव्या इमारतींच्या दाटीत एक जुनं दुमजली घर होतं, त्याचं वायरिंग बदलायचं काम चाललं होतं. मृणालने वरच्या मजल्यावरच्या शिडीवरून हात हलवला. मी ओरडलो, "आधी शिडी धर!"

"बसा काका," शोभाताई म्हणाल्या. "काहून घाबरून राहिले? लेक हुशार हाये तुमची."

दुपारी सगळ्यांनी डबे उघडले. झुणका, त्यावर सांबार (इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) आणि भिवापूरच्या मिरचीचा ठेचा. ठेचा मी ऐटीत खाल्ला आणि अर्धी कळशी पाणी प्यालो. मृणाल पुन्हा शिडीवर गेली. मला घामाच्या धारा लागल्या, पंखा बंद. पाहतो तर मेनचा दांडा खाली. या बायका विसरल्या वाटतं, म्हणून मी तो वर केला.

पंखा हललाही नाही. शोभाताई मात्र धावतच आल्या. "काका, हात काढा! पोरगी वर उघड्या तारेत हात घालून राहिली!"

मी दांडा खटकन खाली ओढला.

"काय झालं वं ताई?" वरून मृणाल.

"तुह्या बाबाले गरम होऊन राहिलं! फ्यूज कुठं हायेत?"

मृणालने खिसा हलवला. आत चिनी मातीचे फ्यूज खडखडले. टोळीची रीतच अशी, की शिडीवर चढणारीने फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे आणि तिनेच परत लावायचे. मग मेन कोणी का चालू करेना.

"ताईंनी पहिल्या दिवशीच शिकवलं," मृणाल म्हणाली.

"आन मले माह्या उस्तादनं," शोभाताई म्हणाल्या. "त्याच्या सासऱ्यानं असाच मेन लावला होता. तवापासून पाहुण्यांवर भरोसा नाही!"

सगळ्या हसल्या. मी हसलो नाही. शिक्षा म्हणून काम संपेपर्यंत मला बोर्डापाशी उभं केलं. संध्याकाळी घरमालक आले आणि त्यांचा हात सवयीने दांड्याकडे गेला.

"हात काढा! पोरगी वर आहे!" मी इतक्या जोरात ओरडलो, की मालक दारापर्यंत मागे सरले.

"काका शिकले वं!" कोणीतरी वरून म्हणालं.

मृणाल स्टेशनवर सोडायला आली. बायकोचा हुकूम ओठांवर आला होता, तो मी गिळला. धास्ती आणली तेवढीच परत नेत होतो. पण तिच्यासाठी ओरडणारी माणसं तिथे होती.

गाडी सुटल्यावर बायकोचा फोन आला. "निघाली ना ती?"

"नाही. तिला उद्या काम आहे."

बायको म्हणाली, "शिडी फार उंच नाही ना हो?"

"छे गं," मी म्हणालो. शिडी चांगलीच उंच होती.