चुकीच्या उत्तराची वाट बघणारे राऊत सर

आमच्या शेजारचे राऊत सर भाजीवालीपाशी उभे राहून भेंडी मोडायचे. कोवळी आहे का बघायला शेंडा मोडतो आपण, तसं नाही हो. हे मधोमध मोडायचे, आतले पाच कप्पे बघायचे आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईला दाखवायचे. एव्हरशाईन कॉलनीत आम्ही नव्यानं राहायला आलो तेव्हा ती शेजारची बाई मी होते. "वहिनी, हिच्या फुलाला पाकळ्या किती असतील, सांगा बरं?" ओळख ना पाळख! मी आपलं ठोकून दिलं, "सात." माणूस लॉटरी लागल्यासारखा खूश! "चूक! छान चूक!" भाजीवाली मात्र कावली, "मास्तर, मोडल्या त्या तुम्हालाच घ्याव्या लागनार हां!"

सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. म्हणायचे, "बरोबर उत्तर आलं की तास संपतो, चुकीचं आलं की सुरू होतो." प्रश्न टाकून खुशाल उभे राहायचे. उत्तर येईपर्यंत पुढचा शब्द नाही. घरीही तेच. त्यांची बायको सुनीता सांगायची, "चहा घेणार का विचारलं, तर मलाच विचारतात, का घ्यावा?"

मग कॉलेजनं नियम काढले. प्रत्येक विषयाचा ऑनलाइन कोर्स करायचा. धडे शिक्षकानं घरी रेकॉर्ड करायचे, मागं कोरी भिंत, आवाज फक्त शिक्षकाचा. समिती ते बघून पास करणार. नापास झाले तर मुलांना बाहेरून आणलेला तयार कोर्स दाखवणार. सर जिन्यात भेटले, चेहरा पार उतरलेला. "वहिनी, निर्मळ गावच्या केळीच्या वाडीत वाढलो मी. आणि माझ्या मुलांना केळ शिकवणार कोण, तर कुणी परका!"

रेकॉर्डिंगच्या दिवशी सुनीता धावत आली. "वहिनी, चला हो. हे मोबाईलला प्रश्न विचारून उभे राहिलेत!" गेले तर खरंच. टेबलावर केळीचा खांब, सर टाय लावून, समोर मोबाईल. दोघेही गप्प.

"उत्तर आल्याशिवाय पुढं कसं जाऊ?" सर म्हणाले.

मग मला मोबाईलच्या मागं स्टुलावर बसवलं. "हा खांब म्हणजे केळीचं काय?"

"खोडच की!"

"चूक!" सरांच्या चेहऱ्यावर दिवाळी. एकेक सोपट सोलत गेले. "ही सगळी पानांची बुडं, एकमेकांत गुंडाळलेली. खरं खोड जमिनीत!"

"अगंबाई! म्हणजे सत्यनारायणाला मी आजवर पानांची भेंडोळी बांधत आले?" हेही रेकॉर्ड झालं.

धडा परत आला. परक्या बाईचा आवाज आहे म्हणे. पुढच्या खेपेला मी तोंडात रुमाल कोंबून बसले. पण माझा चेहरा बघून सर मध्येच म्हणाले, "वहिनींना पटलेलं दिसत नाही." तोही परत. वर शेरा: 'या वहिनी कोण?'

शेवटच्या संधीला समितीच्या प्रमुख देसाई मॅडम स्वतःच घरी आल्या. कॉम्प्युटर शिकवतात, पण बारावीपर्यंत सरांच्याच वर्गातल्या. मला स्वयंपाकघरात बसवलं. सर शिकवत होते, पण कसे, तर स्टेशनवरची सूचना वाचावी तसे. सुनीता डोळे पुसत कुजबुजली, "वहिनी, हे आमचे नव्हेतच हो."

तेवढ्यात सरांनी विचारलं, "कांदा हे मूळ, की खोड?" आणि थांबले. थांबलेच. मी पदर दातात धरला. बाहेरून देसाई मॅडमचाच आवाज आला, "मूळ, सर!"

"चूक!" सगळ्या मजल्याला ऐकू गेलं.

मॅडम हसता हसता सोफ्यावर बसल्या. "सर, नियम माझा आणि मोडलाही मीच. आता विद्यार्थ्याचाही आवाज चालेल असं करते, पण वहिनी कुठं विद्यार्थिनी आहेत?"

"मग करून घ्या!" सुनीता आतून म्हणाली.

कोर्स बाहेरच्यांनाही खुला होता, वयाची अट नव्हती. अशी मी सातवीतून थेट कॉलेजात गेले. नातवंडं अजून विचारतात, "आजी, युनिफॉर्म कुठाय?" सगळे धडे पुन्हा रेकॉर्ड केले, आणि मी मनसोक्त चुकले. कोर्स पास झाला. धडा दाखवून झाला की सर ऑनलाइन तास घ्यायचे, तिथं मुलं आधी मुकी बसायची. एक दिवस राजोडीची एक पोरगी म्हणाली, "सर, आजी एवढ्या चुकतात, तर मीपण सांगू?" चुकलीच. मग तर चुकायला रांग लागली.

सर निवृत्त होऊन निर्मळला गेले. नियमानं कोर्स कॉलेजचाच राहिला. नवे मास्तर म्हणाले, या बाईंच्या चुकांत वेळ फुकट जातो, कापून टाकू. देसाई मॅडमनी सरांना फोन केला. त्या दिवशी मी निर्मळला सरांच्याच ओटीवर बसले होते.

सर म्हणाले, "मला कापा, तिथं नव्या मास्तरांना उभं करा. वहिनींना हात लावू नका. नाहीतर पोरं मास्तरांशी बोलायची नाहीत."