स्पिरिटमधला दोरा

वडील गेले त्या दिवशी चुलतीने रिवाजाप्रमाणे घरातलं सगळं पाणी ओतून दिलं. रांजण, घागरी, तांबे. मग ती फडताळातल्या, डब्याआडच्या बाटलीपाशी आली.

"हे पाणी हाय का?"

"नाही. स्पिरिट आहे."

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

मानवतला आमचं काष्ठौषधींचं दुकान होतं. मी परभणीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो आणि काडेकिराइतातला कडू पदार्थ वेगळा काढण्यावर काम करत होतो. यकृताच्या आजारावर तो उपयोगी पडेल, अशी पुष्कळांना आशा होती. काढता तो येत असे, टिकत नसे. पावसाळी हवा लागली की गूळ पाघळतो तसा पाघळून तळाशी बसे. त्याचे स्फटिक व्हायला हवे होते, आणि झालेले स्फटिक तसेच राहायला हवे होते. नामांतराच्या आंदोलनात कॉलेज कधी उघडं, कधी बंद. म्हणून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या त्या पदार्थाची एक बाटली मी घरी आणून ठेवली.

त्याच वर्षी वडिलांचं यकृत निकामी होत चाललं होतं. आयुष्यात त्यांनी दारूला हात लावला नव्हता. दुपारी ते फडताळासमोर बाजेवर पडून राहत. खिडकीतलं ऊन, ओव्याचा वास, त्यांचे हळदीसारखे डोळे आणि ती पिवळसर बाटली, हे सगळं मला आता एकाच रंगाचं आठवतं. त्या दुपारी कधी संपल्या ते कळलं नाही.

"काय म्हणतंय तुझं पाणी?" ते विचारत.

"काही नाही अजून."

"कसं व्हईल? घडीघडी उचलून बघायलास. असं हलवल्यावर दही तरी लागतंय का?"

एके दिवशी त्यांनी धोतराच्या काठाचा एक दोरा ओढून काढला. "खडीसाखरेत दोरा कशाला असतोय, शिकिवलं न्हाई का तुमच्या कॉलेजात?"

कॉलेजात मी असं काही बाटलीत पडू दिलं नसतं. पण त्यांचं मन मोडवेना. दोरा बुचाला बांधून आत सोडला. पाचव्या दिवशी सकाळी त्याच्यावर बारीक पांढऱ्या सुया आल्या होत्या. वडिलांनी बाटली उजेडाकडे धरली आणि कितीतरी वेळ खाली ठेवली नाही.

"बाभळीचे काटे हायेत की," ते म्हणाले. मग म्हणाले, "मला कवा देतूस?"

"दादा, तपासायला वर्षं जातील."

"म्हंजी गिऱ्हाइकाला माल दाखवायचा, पर द्यायचा न्हाई. असं दुकान चालतंय व्हय?" ते हसले. "टिकतील का पर?"

"टिकतील."

टिकले नाहीत. पंधरा दिवसांत सुया दुधाळ झाल्या, आणि एका पावसाळी सकाळी दोऱ्यावरून गळून पडल्या. पहिल्यांदा येणारे स्फटिक पुष्कळदा असे घाईचे असतात. ते मोडून दुसरे, स्थिर रूप यायला वेळ लागतो, आणि कधी ते येतच नाही. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. वडिलांना मी सांगितलं नाही. बाटली फडताळात मागच्या बाजूला, हिरड्याच्या डब्याआड सरकवली. ते विचारत तेव्हा मी म्हणे, "कॉलेजात नेलीय. टिकलेत अजून."

बाटली त्यांच्यापासून चार हातांवर होती. शेवटच्या आठवड्यात त्यांनी तिच्याबद्दल विचारलं नाही. ते फडताळाकडे बघत पडून राहत.

त्यानंतर मी बाटलीला हात लावला नाही. थंडी पडल्यावर कशासाठी तरी हिरड्याचा डबा काढला. मागे बाटली होती. दोऱ्यावर, तळाशी, काचेला चिकटून जाड, चौकोनी खडे आले होते, पाण्यासारखे स्वच्छ. सुयांचा मागमूस नव्हता. मी बाजेच्या कडेला बसलो. खिडकीतलं ऊन बाटलीतून जाऊन भिंतीवर हलत होतं, आणि मला क्षणभर वाटलं की पाठीमागून कोणी तरी विचारील.

थोडे स्फटिक मी कॉलेजात नेऊन तपासले. पुढचे दोन पावसाळे ते उघड्या वाटीत ठेवले. पाघळले नाहीत, दुधाळ झाले नाहीत. त्यांचं औषध मात्र झालं नाही; तेवढी सोय आमच्याकडे नव्हती आणि नंतर माझ्यातही उमेद उरली नाही.

दुकान आता नाही. बाटली माझ्या टेबलावर आहे. स्पिरिट उडून गेलंय. दोरा आत आहे, आणि त्याच्यावरचे स्फटिक तसेच आहेत.